स्टॉपवॉच मोजते ते वय की गुणवत्ता?

१४ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेसी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर आला. महाराष्ट्र शासनाच्या 'महादेवा' या फुटबॉल प्रकल्पाचा प्रारंभ त्याच्या साक्षीने झाला आणि त्यासाठी निवडण्यात आलेल्या तेरा वर्षांखालील मुलामुलींना त्याच्यासोबत मैदानावर उतरण्याचे भाग्य लाभले. योगायोग असा की, बरोबर पंचवीस वर्षांपूर्वी, १४ डिसेंबर २००० रोजी, बार्सिलोनातील एका टेनिस क्लबात कार्लेस रेशाक यांनी कागदी रुमालावर चार ओळी लिहून मेसीला बार्सिलोना क्लबात घेण्याची हमी दिली होती. त्या वेळी मेसीही तेराच वर्षांचा होता. वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असल्याने त्याची उंची खुंटली होती आणि उपचारांचा खर्च कोण करणार, हा त्याच्या घरच्यांपुढचा प्रश्न होता. रेशाक यांनी मुलाच्या उंचीकडे न पाहता त्याच्या पायातील चेंडूकडे पाहिले. पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे.

मेसीचा आजार ही वैद्यकीय बाब होती आणि तशी ती फार थोड्या मुलांच्या वाट्याला येते. परंतु कोणताही आजार नसताना निव्वळ उशिरा वयात येणारी, म्हणून तेराव्या-चौदाव्या वर्षी लहानखुरी दिसणारी मुले प्रत्येक शाळेत, प्रत्येक संघात असतात. निवड चाचणीच्या दिवशी ती धावण्यात मागे पडतात, हवेतल्या चेंडूसाठी उडी मारताना कमी पडतात आणि यादीतून त्यांचे नाव वगळले जाते. त्यांच्यात गुणवत्ता नव्हती की त्यांचे शरीर अद्याप तयार झालेले नव्हते, हा प्रश्न त्या दिवशी सहसा कोणी विचारत नाही. तेरा वर्षांखालील मुलांमधून उद्याचे फुटबॉलपटू शोधू पाहणाऱ्या कोणत्याही योजनेचे यशापयश मात्र याच प्रश्नावर अवलंबून आहे.

एक जन्मवर्ष, दोन शरीरे

जन्मतारखेवरून मोजलेले वय आणि शरीराचे जैविक वय या दोन भिन्न गोष्टी आहेत. बालपणी दरवर्षी साधारण पाच-सहा सेंटीमीटरने वाढणारा मुलगा पौगंडावस्थेत एकाएकी झपाट्याने वाढू लागतो. उंची वाढण्याचा वेग सर्वाधिक असतो तो काळ मुलांमध्ये सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आसपास आणि मुलींमध्ये त्याच्या सुमारे दोन वर्षे आधी येतो. पण ही झाली सरासरी. काही मुलांमध्ये तो बाराव्या वर्षीच येऊन जातो, तर काहींना सोळाव्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागते. दोन्ही टोके निसर्गाच्या नियमात बसणारी आहेत. त्यात विकृती काही नाही. परिणामी चौदा वर्षांखालील एकाच संघात मिसरूड फुटलेला, आवाज फुटलेला मुलगा आणि अद्याप पूर्णपणे बालक असलेला मुलगा शेजारीशेजारी उभे राहतात. हाताच्या हाडांच्या क्ष-किरण चित्रावरून अस्थिवय काढले, तर एकाच जन्मवर्षाच्या मुलांमध्ये चार-पाच वर्षांपर्यंत अंतर आढळू शकते.

अशा दोन मुलांना एकाच रेषेवर उभे करून तीस मीटर पळावयास लावणे, ही वरकरणी समान संधी वाटते. वस्तुतः ती दोन वेगवेगळ्या वयांच्या मुलांमधील शर्यत असते आणि तिचा निकाल पुष्कळदा शिटी वाजण्यापूर्वीच ठरलेला असतो.

वेग आणि उडी यांचे गणित

धावण्याचा वेग दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो: टांगेची लांबी आणि एका सेकंदात पडणाऱ्या पावलांची संख्या. लहानपणी वेग वाढतो तो मुख्यतः मज्जासंस्था परिपक्व होत गेल्यामुळे. स्नायूंना आज्ञा देण्यात आणि हालचालींचा मेळ साधण्यात शरीर तरबेज होत जाते. वाढीचा झपाटा सुरू झाला की पाय लांब होतात, टांग मोठी पडू लागते. मात्र लांब झालेले आणि जड झालेले पाय पूर्वीइतक्या चपळाईने उचलले जात नाहीत, त्यामुळे पावलांची संख्या घटते. एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जाते आणि काही काळ वेग जागच्या जागी थबकल्यासारखा वाटतो. त्यानंतर टेस्टोस्टेरॉन या पौरुष संप्रेरकाचा प्रभाव वाढतो, स्नायूंचे वस्तुमान वाढते, कंडरा अधिक ताठर होऊन जमिनीला दिलेला रेटा चटकन परत मिळू लागतो. मग वेग पुन्हा वाढू लागतो, आणि तो झपाट्याने वाढतो.

उडीचा हिशेबही असाच आहे. उभ्या जागेवरून मुलगा किती उंच उडेल, हे त्याच्या एकूण ताकदीवर ठरत नाही. स्वतःच्या वजनाच्या तुलनेत तो किती जोर किती कमी वेळात लावू शकतो, यावर ठरते. उंची वाढत असताना वजनही वाढते. पण स्नायूंची ताकद उंचीच्या मागोमाग, बहुधा काही महिन्यांनी ते वर्षभराने, आपला उच्चांक गाठते. या मधल्या काळात शरीर मोठे आणि इंजिन लहान, अशी स्थिती असते. ताकद आली की उडी एकदम उंचावते. म्हणजे ज्याचा हा झपाटा आधी येऊन गेला, तो उडीच्या चाचणीत वरच्या क्रमांकावर आणि ज्याचा येऊ घातला आहे, तो तळाशी, असे चित्र दिसणे स्वाभाविक ठरते.

बेल्जियममधील गेंट येथे किशोरवयीन फुटबॉलपटूंचा काही वर्षे सलग पाठपुरावा करून २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत पायाभूत मानला जातो. त्यातील मुलांच्या उंचीवाढीचा वेग सरासरीने १३.८ व्या वर्षी सर्वाधिक होता आणि त्या वेळी ती वर्षाला जवळपास दहा सेंटीमीटरने वाढत होती. स्फोटक ताकद, धावण्याचा वेग आणि चपळाई यांतील सर्वांत मोठी सुधारणाही नेमकी त्याच सुमारास दिसून आली. तितकीच महत्त्वाची दुसरी नोंद अशी की, या उच्चांकाच्या सुमारे वर्षभर आधी तीस मीटर धावेतील कामगिरी घसरू लागल्याचे आढळले. अर्थात, कालपर्यंत जोमाने धावणारा मुलगा एकाएकी अडखळू लागला, चेंडू त्याच्या पायातून निसटू लागला, तर तो आळशी झाला किंवा त्याचे लक्ष उडाले, असा निष्कर्ष काढण्याची घाई प्रशिक्षकाने करू नये. त्याचे शरीर बदलत असते आणि बदललेल्या शरीराशी त्याच्या मेंदूची ओळख व्हायची असते.

फरक दिसायला क्षुल्लक असतो. तीस मीटरच्या धावेत दोन मुलांमध्ये ०.२ सेकंदांचे अंतर पडले, तर ते कागदावर नगण्य वाटते. पण सेकंदाला सात मीटर धावणाऱ्या मुलासाठी तेच अंतर जवळपास दीड मीटरचे होते. बचावपटूच्या मागून सुटलेल्या चेंडूवर आधी कोण पोहोचणार, हे ठरायला दीड मीटर पुरेसे असते. त्यामुळे लवकर वाढलेला मुलगा सामन्यातही उठून दिसतो, गोल करतो आणि प्रशिक्षकाच्या मनात त्याचे स्थान पक्के होते. निरीक्षणात चूक नसते. चूक असते ती त्या निरीक्षणावरून पाच वर्षांनंतरचे भाकीत करण्यात.

निवडीचा सापळा

हे भाकीत का फसते, याचे उत्तर सरळ आहे. उशिरा वाढणारा मुलगाही अखेर वाढतोच. बेल्जियममधीलच ल्युव्हेन येथे मुलांचा किशोरवयापासून थेट तिशीपर्यंत मागोवा घेण्यात आला, तेव्हा लवकर वयात आलेल्यांची उडीच्या स्फोटक ताकदीतील किशोरवयीन आघाडी प्रौढपणी शिल्लक राहिली नसल्याचे दिसले. आघाडी तात्पुरती असते. पण तिच्या आधारे घेतलेला निर्णय मात्र कायमचा ठरतो. निवडलेल्या मुलाला चांगले मैदान, चांगला प्रशिक्षक, सकस आहार आणि तगडे प्रतिस्पर्धी मिळतात. वगळलेला मुलगा गल्लीत परततो, किंवा खेळच सोडतो. पाच वर्षांनी दोघांची तुलना केली, तर निवडलेला मुलगा खरोखरच सरस ठरलेला असतो आणि निवड अचूक होती, असा समज दृढ होतो. दोघांना सारखी संधी मिळाली असती तर काय झाले असते, हे कधी कळतच नाही.

जागतिक फुटबॉलमध्ये या सापळ्यातून निसटलेल्यांची उदाहरणे कमी नाहीत. १५ जुलै २०१८ रोजी मॉस्कोत झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सचा आंत्वान ग्रीझमान आणि क्रोएशियाचा लुका मॉड्रिच समोरासमोर होते. ग्रीझमानला त्याच्या लहान चणीमुळे फ्रान्समधील क्लबांनी नाकारले होते आणि किशोरवयातच त्याला स्पेनमधील रेआल सोसिएदादची वाट धरावी लागली होती. मॉड्रिचला हायदुक स्प्लिटने किरकोळ शरीरयष्टीचे कारण देऊन परत पाठवले होते. त्याच मॉड्रिचला २०१८ च्या स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान मिळाला. याहून बोलके उदाहरण इंग्लंडच्या जेमी वार्डीचे. शेफिल्ड वेन्सडे क्लबाने सोळाव्या वर्षी तो अंगाने लहान म्हणून त्याला सोडून दिले. त्याच वार्डीने २०१५-१६ च्या हंगामात लेस्टर सिटीच्या अकल्पित विजेतेपदात सिंहाचा वाटा उचलला, आणि प्रतिस्पर्ध्यांना त्याची धास्ती वाटे ती त्याच्या वेगाची!

अर्थात, या नावांवरून एक चुकीचा अर्थ काढला जाण्याचा धोका आहे. नाकारले गेलेले सारेच मॉड्रिच होत नाहीत आणि लहानखुरे असणे हा काही गुण नव्हे. ही मंडळी दिसतात, कारण ती टिकली. त्यांच्यासारखीच, पण ज्यांना दुसरी संधी देणारे कोणी भेटले नाही अशी किती मुले गळाली, याची गणती कोठेच होत नाही. या प्रश्नातील खरा तोटा असा अदृश्य असतो, म्हणून त्याची दखलही घेतली जात नाही.

दुसरीकडे, लवकर वाढलेल्या मुलांचेही या पद्धतीने भले होते असे नाही. बारा-तेराव्या वर्षी निव्वळ शरीराच्या बळावर सामने जिंकता येत असतील, तर चेंडूवरील ताबा, जागा हेरणे, अचूक पास देणे या गोष्टी शिकण्याची त्याला निकड भासत नाही. सोळा-सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्या बरोबरीला येतात आणि मग त्याच्याजवळ दाखवण्याजोगे फारसे उरत नाही. काल ज्याला भावी तारा म्हटले, तो आज राखीव खेळाडूंत का बसतो, हे त्याला स्वतःलाही उमगत नाही.

भारतीय मैदानावरील गुंता

भारतात या प्रश्नाला एक वेगळाच पदर आहे, आणि तो म्हणजे वयचोरी. महाराष्ट्रात एका पिढीची जन्मतारीख सरसकट १ जून असल्याचे सांगितले जाते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकून दिली, हे त्याचे कारण. पुढे जन्मनोंदणी वाढली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यातील दुरुस्तीनंतर जन्मदाखल्याचे महत्त्व अधिकच वाढले. तथापि, वयोगटाच्या स्पर्धांत मोठ्या मुलाला लहान दाखवून उतरवण्याची खोड पुरती गेलेली नाही. क्रिकेटमध्ये नियामक मंडळाने आणि फुटबॉलमध्ये महासंघाने यावर उपाय म्हणून मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून अस्थिवय ठरवणारी टॅनर-व्हाइटहाउस पद्धत स्वीकारली. जागतिक महासंघाने, म्हणजे फिफाने, २००९ साली नायजेरियात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाची एमआरआय तपासणी अमलात आणली.

वयचोरीला आळा घालणे आवश्यकच आहे. तिच्यामुळे प्रामाणिक मुलांवर, आणि त्यातही उशिरा वाढणाऱ्या मुलांवर, दुहेरी अन्याय होतो. त्यांना लवकर वाढलेल्या समवयस्कांशी तर झुंजावे लागतेच, शिवाय वय लपवून आलेल्या मोठ्या मुलांशीही. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. हाडांचे वय म्हणजे जन्मापासूनचे वय नव्हे. वेगाने वाढलेल्या प्रामाणिक मुलाचे अस्थिवय त्याच्या खऱ्या वयापेक्षा वर्ष-दीड वर्षाने अधिक भरू शकते आणि तो विनाकारण संशयाच्या भोवऱ्यात सापडू शकतो. उलट, उशिरा वाढणारा मोठा मुलगा या चाचणीतून अलगद निसटू शकतो. ही चाचणी गुन्हेगार पकडण्याच्या हेतूने वापरली जाते. पण तीतून मिळणारी माहिती मुलाच्या वाढीचा टप्पा ओळखण्यासाठी वापरली, तर तिचे मोल कितीतरी वाढेल.

२०१७ साली भारताने सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे यजमानपद भूषवले, नवी मुंबईतही सामने झाले आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघात होता, ही महाराष्ट्रासाठी अभिमानाची बाब ठरली. त्या स्पर्धेत १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना प्रवेश होता. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध भारताचा विश्वचषकातील पहिला गोल झाला. कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर उंच झेप घेऊन तो हेडरने करणारा जिक्सन सिंग जून २००१ मध्ये जन्मलेला, म्हणजे वयोमर्यादेपेक्षा जवळपास दीड वर्षाने लहान होता. पण संघातील उंच मुलांपैकी एक होता. तारीख एक सांगते आणि शरीर दुसरेच, याचे याहून सुबक उदाहरण शोधून सापडणार नाही.

जन्मतारखेचा आणखी एक खेळ आहे. गणनेचे वर्ष जानेवारीत सुरू होत असेल, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही दोघे एकाच गटात मोडतात. युरोपातील अकादम्यांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्या मुलांचा भरणा लक्षणीय असल्याचे वारंवार दिसून आले आहे. जैविक वयाचा फरक यात मिसळला की असमानता अधिकच वाढते. डिसेंबरात जन्मलेला आणि त्यातही उशिरा वाढणारा मुलगा अशा व्यवस्थेत जवळपास दिसेनासा होतो.

मुलींचा हिशेब निराळा

२०२२ साली मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषकही भारतात झाला. भुवनेश्वरसह गोवा आणि नवी मुंबईतील मैदानांवर तो खेळला गेला. त्यानंतर मुलींच्या फुटबॉलकडे लक्ष वळले, हे स्वागतार्ह आहे. मात्र मुलांसाठीचे ठोकताळे मुलींना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तेरा वर्षांखालील गटात बहुतेक मुलांचा झपाटा अद्याप यायचा असतो, तर बहुतेक मुलींचा तो सुरू असतो किंवा ओसरत आलेला असतो. वयाची रेषा एकच. पण ती दोघांना वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर छेदते.

शिवाय वयात आल्यानंतर मुलांच्या शरीरात स्नायूंचे प्रमाण वाढते, तर मुलींच्या शरीरात मेदाचे प्रमाण वाढते आणि कंबरेची रुंदी बदलते. त्यामुळे वेग आणि उडी यांत मुलांना मिळते तशी आयती बढती मुलींना मिळत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्यांची उडी काही काळ थांबल्यासारखी होते. याच काळात त्यांच्या गुडघ्यातील अस्थिबंधाच्या दुखापतीचा धोका वाढतो. ताकद आणि तोल यांचा पद्धतशीर सराव हाच त्यावरील उपाय आहे. फिफाने तयार केलेल्या 'अकरा प्लस' या वीसएक मिनिटांच्या सरावपूर्व व्यायामक्रमाने दुखापती घटतात, हे किशोरवयीन मुलींवर केलेल्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. मैदान आणि शिस्त पुरते.

मुलांनाही या काळात जपावे लागते. हाडे लांब होतात, पण स्नायू आणि कंडरा त्या गतीने ताणले जात नाहीत. परिणामी टाचेच्या आणि गुडघ्याखालच्या हाडाच्या वाढत्या भागावर ताण पडून तेथे दुखणे सुरू होते. उड्या आणि जोरकस धावा यांचा मारा अशा वेळी वाढवला, तर ते दुखणे महिनोन्महिने रेंगाळते. खेळाडू घडवण्याच्या उत्साहात वाढीचा झपाटा सुरू असलेल्या मुलाकडून प्रौढांसारखा सराव करून घेणे म्हणूनच घातक ठरते.

उपाय आहेत, खर्चिक नाहीत

जैविक वय ओळखण्यासाठी प्रत्येक वेळी क्ष-किरणांची गरज नसते. उभ्याची उंची, बसल्यावरची उंची आणि वजन यांची दर तीन महिन्यांनी नोंद ठेवली, तरी वाढीचा झपाटा केव्हा सुरू झाला, हे कोणत्याही क्रीडाशिक्षकाला आलेखावर दिसू शकते. या मोजमापांवरून झपाट्याचा काळ किती दूर आहे, याचा अंदाज देणारे सूत्र २००२ साली मांडण्यात आले. मुलाची उंची, वजन आणि आईवडिलांची सरासरी उंची यांवरून त्याची प्रौढपणीची उंची वर्तवण्याची पद्धत १९९४ पासून प्रचलित आहे. त्या अपेक्षित उंचीचा किती टक्के भाग आज गाठला गेला, यावरून मुलाची परिपक्वता ठरवली जाते.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगने याच आधारे एक प्रयोग केला. चार क्लबांच्या अकादम्यांतील ११ ते १४ वर्षांच्या मुलांमधून, अपेक्षित प्रौढ उंचीच्या ८५ ते ९० टक्के उंची गाठलेल्यांना निवडून त्यांची आपसांत स्पर्धा घेण्यात आली. लवकर वाढलेल्या मुलांनी सांगितले की शरीराचा जोर चालेना, तेव्हा डोके आणि पाय वापरावे लागले. उशिरा वाढणाऱ्यांना चेंडू पायात खेळवण्याची, संघाचे नेतृत्व करण्याची संधी मिळाली. दोघांनाही हा अनुभव हवाहवासा वाटला. बेल्जियमच्या महासंघाने त्याहून वेगळा मार्ग अनुसरला. उशिरा वाढणाऱ्या गुणी मुलांसाठी त्याने राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र संघच उभे केले, जेणेकरून त्यांचे नाव यादीतून पुसले जाऊ नये.

अर्थात, या पद्धती डोळे मिटून उचलण्याजोग्या नाहीत. प्रौढ उंची वर्तवणारे सूत्र अमेरिकेतील गोऱ्या मुलांच्या नोंदींवरून तयार झाले आहे. भारतीय मुलांना ते लावताना सावधगिरी हवी. झपाट्याचा काळ वर्तवणारे सूत्रही फार लवकर किंवा फार उशिरा वाढणाऱ्यांच्या बाबतीत, म्हणजे नेमके जेथे त्याची गरज आहे तेथेच, चुकण्याचा संभव अधिक असतो. भारतीय मुलांच्या वाढीचे स्वतःचे आलेख मात्र उपलब्ध आहेत. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या सुधारित आलेखांच्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. महाराष्ट्रात हे ज्ञान हाताशी असताना ते दवाखान्यातून मैदानापर्यंत पोहोचू नये, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत आरोग्य पथके शाळांमध्ये जाऊन मुलांची तपासणी करतात. त्या नोंदी आणि क्रीडाशिक्षकाची वही यांची सांगड घातली, तर निम्मे काम झाल्यासारखे आहे.

शरीर मोजण्यापेक्षाही अवघड काम आहे ते दृष्टी बदलण्याचे. प्रशिक्षकाची नोकरी, शाळेची प्रतिष्ठा आणि जिल्ह्याचे नाव या साऱ्या गोष्टी आजच्या सामन्याच्या निकालाशी बांधलेल्या असतात. चौदा वर्षांखालील करंडक जिंकावयाचा, तर मोठी आणि दणकट मुले घेणे हाच शहाणपणा ठरतो. प्रशिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. दोष आहे तो करंडकावरून प्रशिक्षकाची योग्यता ठरवणाऱ्या व्यवस्थेचा. या वयात जिंकलेल्या ढालींपेक्षा त्या संघातील किती मुले अठराव्या वर्षी खेळत राहिली, हा निकष लावला, तर निवडीचे निकष आपोआप बदलतील.

वेग आणि उडी यांच्या चाचण्या रद्द कराव्यात, असा याचा अर्थ नव्हे. फुटबॉल हा वेगाचा खेळ आहे आणि राहील. मात्र चाचणीत मिळालेला आकडा मुलाच्या जैविक वयाशेजारी ठेवून वाचला पाहिजे, आणि तो एकदा मोजून न थांबता वर्षानुवर्षे मोजला पाहिजे. बाराव्या-तेराव्या वर्षी निवडीचे दार कायमचे बंद न करता पंधराव्या आणि सतराव्या वर्षी ते पुन्हा उघडले पाहिजे. उशिरा वाढणाऱ्या मुलाला संप्रेरकांची इंजेक्शने देण्याचा मोह मात्र पालकांनी कटाक्षाने टाळावा. निरोगी मुलासाठी तो उपचार नव्हे, तर अपाय आहे आणि खेळाच्या नियमांनुसार ते उत्तेजकसेवन ठरते. अशा मुलाला औषधाची नव्हे, अवधीची गरज असते.

कोल्हापूरच्या पेठांमध्ये, मुंबईच्या आझाद मैदानावर, गोव्यातील गावोगावच्या मैदानांवर संध्याकाळी चेंडूमागे धावणाऱ्या मुलांत सर्वांत मागे पडणारा एखादा असतोच. त्याचा चेंडू मात्र पायाला चिकटलेला असतो. स्टॉपवॉच त्याच्याविषयी एवढेच सांगते की, आज त्याचे शरीर कोठवर पोहोचले आहे. तो उद्या कोठे पोहोचेल, हे सांगण्यासाठी कोणाला तरी थांबून त्याचा खेळ पाहावा लागतो. पंचवीस वर्षांपूर्वी बार्सिलोनात एका माणसाने तेवढेच केले होते.